स्थान पालटले, जीव पालटला काय?



परब्रह्म परमेश्वर सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभूंच्या श्रीचरणी दंडवत प्रणाम करून प्रस्तुत निरूपणास आरंभ करतो. विषय नित्याच्या अनुभवातील आहे. परंतु नित्याचा असल्यामुळेच त्याकडे आपले दुर्लक्ष होते. धर्माचरण घडत नाही, स्मरणात मन रमत नाही, स्वभावातील दोष वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहतात, हे आपण सर्वजण जाणतो. त्याचे कारण विचारले असता मात्र बहुतेकांचे उत्तर एकच येते, "परिस्थिती अनुकूल नाही."

वासनिक म्हणतो, "मुलीचे लग्न उरकले की मग स्मरणाला बसेन." कोणी म्हणतो, "नोकरीतून निवृत्त झालो की मग पोथी हाती घेईन." कोणी म्हणतो, "शेताचा व्याप मुलांवर सोपवला की मग श्रीचरणांकित स्थानांचे दर्शन करीन." आणि ज्याने घरदार सोडून अनुसरण घेतले, तोही पुष्कळदा म्हणतो, "या आश्रमात कलह फार. दुसरीकडे गेलो की मग आचार नीट होईल." बोलणारे निराळे, परंतु प्रत्येकाच्या बोलण्यात हा 'मग' दडून बसलेला आहे. मनुष्यदेह मात्र कोणाच्या 'मग'साठी थांबत नाही. म्हणून हा 'मग' खरा आहे की जीवाने स्वतःशीच केलेली फसवणूक आहे, याचा शास्त्रदृष्टीने विचार केला पाहिजे.

ब्रह्मविद्याशास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ सांगितले आहेत. देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त, प्रपंच अनित्य आणि जीव बद्धमुक्त, हे आपण बाळपणापासून ऐकत आलो. आता आपण ज्याला 'परिस्थिती' म्हणतो ती यांपैकी कशात मोडते? घर, गाव, पैसा, देहाचे आरोग्य, माणसांचा सहवास, ऋतू, ऊन, पाऊस ही सर्व प्रपंचातील आहेत. म्हणजे अनित्य आणि जड. आणि ज्या दोषामुळे आपण परमेश्वरापासून दूर आहोत तो दोष कोठे आहे? तो जीवाच्या ठिकाणी आहे. अनादि अविद्येने जीव वेढलेला आहे. अन्यथाज्ञान त्याचे आहे, मळही त्याचाच आहे. रोग एका ठिकाणी आणि उपचार दुसऱ्या ठिकाणी, अशी आपली रीत झाली. ताप अंगात असताना खाट ओसरीतून माजघरात आणि माजघरातून अंगणात हलवावी, तसे हे आहे. खाट हलवल्याने तापकऱ्याला घटकाभर बरे वाटते, हे खरे. परंतु बरे वाटणे आणि बरे होणे यांत अंतर आहे.

याहून मोठे प्रमाण शास्त्राने देवताफळाच्या विचारातच दिले आहे. जीव देवतांची उपासना करतो आणि त्या त्या देवतेचे फळ भोगतो. स्वर्ग म्हणजे काय? विचार करून पाहिले तर ती परिस्थितीची परमावधी होय. तेथे श्रम नाहीत, भूक नाही, भोग इच्छेसरशी मिळतात. ज्या ज्या गोष्टींच्या अभावामुळे आपले धर्माचरण अडले आहे असे आपण म्हणतो, त्या सर्व तेथे भरपूर आहेत. तरीसुद्धा फळ सरले की जीवाला परत यावे लागते आणि तो येतो तो तीच अविद्या घेऊन. इतका काळ अनुकूलतेत घालवूनही त्याच्या मूळ दोषातील कणभर कमी झाले नाही. ज्या जीवाला स्वर्गानेही पालटले नाही, त्याला बदलीच्या गावाने, नव्या घराने किंवा दुसऱ्या आश्रमातील खोलीने पालटावे, ही अपेक्षा किती भाबडी आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

काही जण याच्या उलट टोकाला जातात. ते म्हणतात, "सुखाने माणूस बिघडतो, दुःखाने सुधारतो. संकट येऊ द्या, मग आपोआप देव आठवेल." हाही तोच भ्रम आहे, फक्त अनुकूल परिस्थितीच्या जागी प्रतिकूल परिस्थिती घातली एवढेच. नरकात दुःखाला तोटा नाही. परंतु नरक भोगून जीव ज्ञानी झाला, असे शास्त्र सांगत नाही. भोगाने त्या त्या कर्माचे फळ सरते, अविद्या सरत नाही. व्यवहारातही पाहा. एकाच पुरात दोन शेजाऱ्यांची पिके वाहून जातात. एक मनुष्य त्यातून नम्र होतो, दुसऱ्याच्या दुःखाला धावून जाऊ लागतो. दुसरा कडवट होतो आणि ज्याचे पीक वाचले त्याचा मत्सर करू लागतो. पूर एकच, पाणी एकच. दुःखातून अनुताप उपजला तरच दुःखाचा उपयोग; आणि अनुताप ही परिस्थिती देत नाही, तो जीवाच्या ठिकाणी उपजावा लागतो.

आता आपल्या पंथाच्या इतिहासाकडे वळू. साधकाच्या दृष्टीने सर्वांत अनुकूल परिस्थिती कोणती? परमेश्वराचे सन्निधान, याहून श्रेष्ठ अनुकूलता संभवतच नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यांना सर्वज्ञांचे प्रत्यक्ष सन्निधान लाभले, त्यांच्या भाग्याची गणना करता येत नाही. तरी लीळाचरित्र उघडून पाहावे. म्हाइंभटांनी भक्तजनांचे दोष झाकून ठेवलेले नाहीत. सन्निधानात असूनही कोणाला राग येई, कोणाला रुसवा धरावासा वाटे, कोणाच्या मनात सेवेच्या अधिकारावरून दुजाभाव येई. स्वामींना त्यांना वारंवार समजवावे लागे, निवारावे लागे. याचा अर्थ सन्निधानाचे सामर्थ्य कमी होते असा नव्हे. जीव आपली प्रकृती किती घट्ट धरून बसतो, याचा तो पुरावा आहे. शिवाय स्वामींचे दर्शन झालेले सगळेच लोक अनुसरले नाहीत. कित्येकांनी पाहिले, ऐकले आणि ते आपल्या घरी जसेच्या तसे परत गेले. प्रत्यक्ष परमेश्वर समोर उभा असताना जो आतून हलला नाही, त्याला आणखी कोणते स्थळ हलवणार?

उलट, परिस्थिती अत्यंत प्रतिकूल झाली असताना काय घडले तेही पाहा. स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. त्यानंतर भक्तजन ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. पुढे तेही सन्निधान गेले आणि असन्निधान आले. नागदेवाचार्य आणि त्यांच्याबरोबरच्या भक्तांनी "आता अनुकूलता संपली, धर्म कसा घडावा?" असे म्हटले असते, तर आज आपणापाशी काय उरले असते? त्यांनी विरहाचे दुःख स्मरणाकडे वळवले. लीळा आठवल्या, एकमेकांस विचारल्या, पडताळल्या. असन्निधानाच्या त्या काळातच सूत्रांची जुळणी झाली आणि केशोबासांच्या हातून ११४ दृष्टांतांचा दृष्टांतपाठ सिद्ध झाला. आपल्या वाङ्मयाचा पाया सन्निधानाच्या सुखात घातला गेलेला नाही. विरहात स्मरण करणाऱ्या मनांनी तो घातला आहे.

तसेच पंजाबातील आपल्या बंधूंचे. तेथे हा पंथ 'जयकृष्णी' या नावाने ओळखला जातो. तेथील भाषा निराळी, अन्न निराळे, हवा निराळी. ज्यांची मातृभाषा पंजाबी, त्यांनी मराठी ही धर्मभाषा म्हणून जतन केली आणि मराठी पोथ्या शतकानुशतके सांभाळल्या. १९४७ च्या फाळणीत अनेक कुटुंबांना घरदार टाकून यावे लागले. पण जे येताना स्मरण घेऊन आले, त्यांचा धर्म मागे राहिला नाही.

येथे एक साधा दृष्टांत घेऊ. एका शेतकऱ्याच्या शेतात तण फार माजे. निंदणी करून तो कंटाळला. त्याला वाटले, ही जमीनच वाईट आहे. त्याने ती विकली आणि दोन गावे ओलांडून दुसरी काळीभोर जमीन घेतली. पहिल्या पावसानंतर पेरणी केली. महिनाभराने पाहतो तो पिकात तेच तण उभे! त्याने जमिनीला दोष दिला, जुन्या मालकाला दोष दिला. तेव्हा शेजारचा म्हातारा शेतकरी म्हणाला, "बाबा, पेरलेस ते बियाणे कोठले?" बियाणे जुन्या शेतातलेच होते. तणाचे बी त्यातच मिसळलेले होते. त्याने शेत पालटले, पण बियाणे निवडले नाही.

दार्ष्टांतिक असे. शेत म्हणजे परिस्थिती आणि बियाणे म्हणजे जीवाचे संस्कार. जीव जेथे जातो तेथे आपले विकार, विकल्प आणि हिंसा हे बी बरोबर नेतो. नव्या ठिकाणी पहिले काही दिवस बरे वाटतात, कारण बी अजून रुजायचे असते. आश्रम बदललेल्या साधकाला पहिला महिना स्वर्गासारखा वाटतो. पुढे कोणी पंक्तीत वाढताना त्याच्या पात्राकडे दुर्लक्ष करतो, कोणी त्याच्या आधी पुढे बसतो, कोणी त्याच्या निरूपणाची वाखाणणी करीत नाही. आणि जुन्या आश्रमातला राग नव्या आश्रमात उगवतो. माणसे निराळी, निमित्त निराळे, तण तेच. नोकरीतून निवृत्त झालेल्या गृहस्थाचेही असेच होते. तीस वर्षे त्याने कचेरीला दोष दिला. आता कचेरी नाही. सकाळी चहा, मग वर्तमानपत्र, मग हातातला मोबाइल, दुपारी झोप, संध्याकाळी सुनेने काय केले आणि काय केले नाही याची चर्चा. पोथी कोनाड्यात जशीच्या तशी. वर्षाच्या अखेरीस तो विचार करील तर त्याला दिसेल की स्मरणाला आडवी येत होती ती कचेरी नव्हती. गलबला आतला होता. कचेरीच्या आवाजात तो एवढे दिवस ऐकू आला नाही, इतकेच.

येथे शंका येते. "हे सर्व मान्य केले, तर शास्त्राने त्यागाचा विधी का सांगितला? स्वदेश सोडावा, स्वग्राम सोडावे, संबंधी सोडावे, नित्य अटन करावे, विजन सेवावे, हे सगळे परिस्थिती पालटणेच नव्हे काय?" शंका योग्य आहे आणि तिचे समाधान नीट समजून घेतले पाहिजे, कारण तेथेच या विषयाचे वर्म आहे.

आपण परिस्थिती पालटतो ती अधिक अनुकूल स्थान मिळावे म्हणून. शास्त्र स्थान सोडावयास सांगते ते अनुकूल स्थानाची आवडच तुटावी म्हणून. या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, परंतु त्यांच्या दिशा परस्परविरुद्ध आहेत. साधकाला शास्त्र कोठे पाठवते हे पाहावे. जेथे कोणी ओळखत नाही, जेथे मान देणारा कोणी नाही, जेथे झाडाचा तळ हेच घर, तेथे पाठवते. भिक्षेचा विधीही तसाच. ओळखीचे घर निवडायचे नाही, गोडधोड मिळेल ते दार शोधायचे नाही, पडेल ते अन्न परमेश्वराचे स्मरण करीत सेवायचे. या विधीत सुखसोय पाहण्याचा हेतू असता, तर तो असा सांगितला गेलाच नसता. आणि एका गावी थोडे रमले की पुन्हा उठून पुढे जायचे, हा अटनाचा नियम कशासाठी? कारण झाडाच्या तळाचीही जीवाला सवय होते. "हे माझे झाड, ही माझी सावली" असे म्हणण्याइतका तो चिवट आहे. स्वदेश सोडल्यावर परदेशाचाच तो स्वदेश करून टाकतो. म्हणून शास्त्राने एकदा सोडून भागवले नाही. नित्य सोडावयास लावले. सोडावयाची होती ती आसक्ती. स्थान हे तिला हलवण्याचे निमित्त.

यावरून दोन गोष्टी निश्चित होतात. पहिली, विजन, सत्संग, एकांत ही साधने आहेत. ती तुच्छ नाहीत. त्यांची उपेक्षा करून "माझे मन शुद्ध आहे, मला विधीची गरज नाही" असे म्हणणारा मनुष्य प्रमाद करतो. दुसरी, ही साधने साहाय्य करणारी आहेत, कारण नव्हेत. पाटाने पाणी शेतापर्यंत येईल. परंतु शेतकरी दारे मोडून पाणी वाफ्यात घेणार नसेल, तर पाट भरून वाहत असतानाही पीक वाळेल. आज बहुतेक साधक आश्रमवासी आहेत. अटनाचा विधी पूर्वीच्या प्रमाणात घडत नाही. ज्यांना ते घडते त्यांनी धन्यता मानावी. ज्यांना घडत नाही त्यांनी निदान एवढे तरी करावे की खोली, आसन, पात्र, पंक्तीतील जागा, मिळालेले पद यांविषयी 'हे माझे' हा भाव उपजला की त्याच क्षणी तेथून मनाने उठावे. देहाने अटन घडत नसेल तर मनाने ममत्वाचे गाव सोडता येते.

आता आतून पालटणे म्हणजे नेमके काय, हे लीळांच्या आधारे पाहू. एकांकातील सशाची लीळा सर्वांना ठाऊक आहे. पारधी कुत्री घेऊन सशाच्या मागे लागले. ससा धावत येऊन स्वामींच्या आश्रयास राहिला. पारध्यांनी तो मागितला. त्यांच्या दृष्टीने ती हक्काची शिकार होती, तिच्यावर त्यांची होड लागलेली होती. स्वामींनी ससा शरण आलेला आहे हे त्यांना जाणवून दिले आणि हिंसेचे स्वरूप समजावले. पारध्यांनी सशाला सोडून दिले आणि हिंसेपासून ते परावृत्त झाले. या लीळेत बाहेरचे काय पालटले? रान तेच होते. कुत्री तीच होती. पोटही तेच होते. पारध्यांना कोणी धन दिले नाही, दुसरा धंदा लावून दिला नाही, दुसऱ्या गावी नेले नाही. घटकेपूर्वी ज्याला ते 'शिकार' म्हणत होते, त्यालाच आता 'शरण आलेला जीव' म्हणून पाहू लागले. पाहणे पालटले आणि त्याबरोबर हात आवरला. आपल्या घरात, आश्रमात, गावात जे मनुष्य आपणास नित्य सलते, त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी अशीच आहे काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. आपण त्याला शब्दांनी टिपण्याची शिकार समजतो की आपल्यासारखाच अविद्येने पीडलेला जीव समजतो?

दुसरे उदाहरण प्रत्यक्ष म्हाइंभटांचे. ते सराळ्याचे विद्वान, संपन्न आणि विद्येचा अभिमान बाळगणारे. स्वामींना वादात जिंकावे या भावनेने ते आले. पुढे काय झाले हे आपण जाणतो. लक्षात घेण्याची गोष्ट ही की अनुसरणानंतर त्यांची विद्या काही नाहीशी झाली नाही. तीच तीक्ष्ण बुद्धी, तीच स्मरणशक्ती, तेच शास्त्रज्ञान. परंतु जी बुद्धी दुसऱ्याच्या बोलण्यातील दोष शोधीत होती, तीच पुढे ज्याला ज्याला लीळा ठाऊक होती त्याच्याकडे नम्रपणे जाऊन विचारू लागली, ऐकू लागली, पडताळू लागली. सांगणारा विद्वान आहे की सामान्य, हे तिने पाहिले नाही. इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले ते या पालटलेल्या बुद्धीतून. लेखणी तीच, तिच्यामागचा अहंकार गळाला.

केशोबासांचेही तसेच. संस्कृतात रचना करण्याचे सामर्थ्य त्यांच्यापाशी होते. नागदेवाचार्यांनी त्यांना मराठीकडे वळवले, कारण संस्कृतामुळे साध्या भोळ्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकल्या असत्या. पंडिताला आपली पंडिती टाकून द्यावी लागली नाही. ती कोणासाठी वापरायची हे पालटावे लागले. ज्याच्यापाशी जे आहे तेच वळवावे लागते. नवे काही मिळेपर्यंत थांबावे लागत नाही, हे या दोन्ही उदाहरणांचे तात्पर्य.

यावर आणखी एक शंका येते आणि तिचे निरसन न केल्यास या निरूपणाचा दुरुपयोग होईल. "परिस्थिती पालटण्याचे महत्त्व नाही म्हटले, तर अन्याय सोसणाऱ्याने सोसतच राहावे काय? छळ होणाऱ्या सुनेला 'तू आतून पालट' एवढेच सांगावे काय?" याचे उत्तर स्पष्ट आहे. स्वामींनी असे कधी केले नाही. ज्या काळात स्त्रियांना आणि शूद्रांना मोक्षाचा अधिकार नाकारला जात होता, त्या काळात स्वामींनी त्यांना ज्ञानाचा अधिकार दिला. ज्ञान संस्कृतात कोंडलेले होते, ते मराठीत आणले. भिक्षेला चारही वर्णांची दारे सारखी ठेवली. "तुमचे प्राक्तन तसे आहे, सोसा" असे सांगून त्यांनी कोणालाही परत पाठवले नाही. शरण आलेला ससासुद्धा त्यांनी "भोग तुझे कर्म" म्हणून कुत्र्यांपुढे टाकला नाही.

म्हणून हा उपदेश कोणी कोणाला करावा याचा विवेक हवा. हा उपदेश प्रत्येकाने स्वतःला करावयाचा आहे. दुसऱ्याला गप्प बसवण्यासाठी तो वापरला, तर तो उपदेश राहत नाही; ती हिंसाच होते. सासूने सुनेला, महंताने शिष्याला, श्रीमंताने मजुराला "परिस्थितीला दोष देऊ नको, मन पालट" असे सांगावे, यात धर्म नाही. त्यांनी आधी स्वतःचे मन पालटावे. म्हणजे समोरच्याची परिस्थिती त्यांच्याच हातून पालटेल. आतून पालटलेला मनुष्य जेथे राहतो, तेथील सूनही सुखाने जेवते आणि मजूरही पुरी मजुरी घेऊन घरी जातो. खरा पालट झाल्याची ही एक बाह्य खूण म्हणावयास हरकत नाही.

शेवटची शंका अशी. "अविद्या अनादि आहे आणि तिचा छेद परमेश्वरावाचून कोणाकडून होत नाही. मग जीवाने स्वतःला पालटायचे म्हणजे काय? हा परमेश्वराच्या कृपेचा प्रांत नव्हे काय?" होय, आहे. आणि येथेच आपले शास्त्र इतर लौकिक उपदेशांपासून वेगळे होते. "तू स्वतःच्या बळावर स्वतःला घडवशील" असे लौकिक म्हणते. शास्त्र असे म्हणत नाही. ज्ञान देणारा परमेश्वर, प्रेम देणारा परमेश्वर, उद्धरणारा परमेश्वर. परंतु जीवाच्या वाट्याला काहीच नाही असेही नाही. विधी पाळावेत, निषेध वर्जावेत, स्मरण करावे, घडलेल्या दोषाचा अनुताप करावा, त्याचे प्रायश्चित्त घ्यावे, आपली आवडी परमेश्वराकडे वळवावी, हे जीवाच्या वाट्याचे आहे. पाऊस पाडणे शेतकऱ्याच्या हाती नाही. मृगापूर्वी शेत वखरून, बी निवडून तयार राहणे त्याच्या हाती आहे. परिस्थितीची वाट पाहणारा मनुष्य नेमके हेच करीत नाही. आपल्या हाती नसलेल्या गोष्टींची चिंता करण्यात तो आपल्या हातचे काम टाकून देतो.

आता आचाराचा विचार करून हे निरूपण संपवू. हे सर्व ऐकून "मी आजपासून पूर्ण पालटेन" असा संकल्प करू नये. असे संकल्प आठ दिवस टिकत नाहीत. त्याऐवजी ज्या एका स्थळाला, एका माणसाला किंवा एका अडचणीला आपण आपल्या आचाराच्या आड येणारी मानतो, ती एकच निवडावी. कोणाला ती शेजारी वाटेल, कोणाला सहसाधक, कोणाला दुखणे, कोणाला गरिबी. तिच्यापासून पळण्याचा विचार काही दिवस बाजूला ठेवावा आणि ती समोर आली की आपल्या ठिकाणी काय उपजते ते पाहावे. विकार उपजतो, विकल्प उपजतो की हिंसेची भावना उपजते? जे उपजेल ते आपले बियाणे. ते त्या माणसाने आपल्यात घातलेले नाही. त्याच्या निमित्ताने दिसले एवढेच. त्या दृष्टीने तो माणूस आपला उपकारकर्ता ठरतो.

मग उत्तर देण्यापूर्वी, उठण्यापूर्वी, दार आपटण्यापूर्वी एक नामस्मरण करावे. दिवसाच्या अखेरीस, निजण्यापूर्वी, कोठे चुकले ते आठवून परमेश्वरापाशी अनुताप करावा. दोष मोठा असेल तर गुरूंना सांगून प्रायश्चित्त घ्यावे. तो मनात पुरून ठेवू नये. हे करण्यासाठी निवृत्तीची वाट पाहावी लागत नाही, मुलीचे लग्न थांबवावे लागत नाही, आश्रम सोडावा लागत नाही. चुलीपुढे बसलेली माता, गर्दीच्या गाडीत उभा असलेला नोकरदार, रुग्णालयातील खाटेवर पडलेला वृद्ध आणि ऋद्धिपुरी ओट्यावर माथा ठेवणारा साधक, या सर्वांना ते सारखेच मोकळे आहे.

आणि असे करीत असता कधी परिस्थितीही पालटेल, कधी पालटणार नाही. पालटली तर ती अनुकूलता स्मरणाच्या कामी लावावी. पालटली नाही तर अटनाला निघालेल्या साधकाला झाडाखाली जे मिळते, ते आपणास घरबसल्या मिळाले असे समजावे; म्हणजे आधार नाही, मान नाही, सोय नाही, केवळ परमेश्वर आहे. कर्मभूमीतील हा मनुष्यदेह पुन्हा केव्हा लाभेल हे जीवाला ठाऊक नाही. ज्या स्थानी आज आपण उभे आहोत तेथेच बियाणे निवडावयास बसावे. पाऊस पाडणारा समर्थ आहे, दयाळू आहे, आणि तो आपली वाट आपल्याहून अधिक काळ पाहत आहे.